लिनक्सवरून काय काढलं तर चालतं? मुकादम आणि टोळीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या विश्रामबागेतली एक मुलगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू 22.04, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. रूटचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सिस्टमसाठीचा भाग, 25 जीबीचं; स्वतःच्या फाइलींचं होम वेगळं. रूट 97 टक्के भरलंय. तिने सिनॅप्टिक हा बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी दाखवणारा प्रोग्रॅम उघडला, दोन हजारांच्या वर पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) दिसली आणि त्यातली निम्म्याहून जास्त नावं अनोळखी निघाली. "काका, यातलं मी काय काय उडवू शकते? आणि चुकून महत्त्वाचं काही गेलं तर?" सोबत तिला संशयास्पद वाटलेल्या नावांची यादी.

यादीकडे येतोच. मी हे काम सांगली-मिरजेत गेली अठरा वर्षं करतोय. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांची बिलिंगची मशीनं, दोन वाचनालयं, एका शाळेची लॅब. काढू नये ते काढून झालेलं आहे, माझ्याच हातून. म्हणून जरा ऐसपैस लिहितो. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलात अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाकायच्या.

पहिली गोष्ट: नाव ओळखीचं नाही म्हणून काढायचं, ही सगळ्यात वाईट कसोटी. मलाही दोन हजारांतली निम्मी नावं नुसती वाचून सांगता येणार नाहीत. "हे पॅकेज काय आहे?" असं विचारत बसलीस तर वर्ष जाईल. विचारायचं ते वेगळं: हे कुणी आणलं, आणि याच्यावर कोण उभं आहे? या दोन्हीची उत्तरं मशीनकडेच असतात.

आपल्याकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. उचल दिली जाते मुकादमाला, टोळी त्याच्यामागून येते. टोळीतल्या प्रत्येकाशी तुझा करार नसतो. मुकादम परत गेला की टोळीचं इथे काम उरत नाही. ॲप्ट म्हणजे पॅकेजेस बसवणारं आणि काढणारं उबुंटूचं साधन. त्याचा हिशेब अगदी असाच चालतो. तू स्वतः "ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी" म्हटलंस की व्हीएलसीवर "हाताने" असा शिक्का बसतो. त्याच्यासोबत आलेल्या पन्नासेक लायब्ररींवर (प्रोग्रॅमना लागणारे सामायिक भाग) "आपोआप" असा. व्हीएलसी काढलंस की त्या लायब्ररींना कुणी वाली राहत नाही, मग "सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह" त्यांना परत पाठवतो. एखादी लायब्ररी दुसऱ्याही मुकादमाच्या टोळीत असेल, तर ती थांबते.

म्हणून तुझी खरी यादी दोन हजारांची नाहीच. "ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल" चालव. फक्त हाताचा शिक्का असलेली नावं येतील, बहुतेक दोनेकशे. उबुंटूचा इन्स्टॉलरही काही नावांवर हाच शिक्का मारून ठेवतो, त्यामुळे सगळी तुझीच नसतील. विचार करायचा तो एवढ्याच यादीवर. "लिब" ने सुरू होणाऱ्या नावांना स्वतःहून हात लावायचा नाही, ते टोळीतले गडी. त्यांना ऑटोरिमूव्ह बघून घेईल.

याच यादीत "उबुंटू-डेस्कटॉप" किंवा "उबुंटू-डेस्कटॉप-मिनिमल" दिसेल. हे मेटापॅकेज, म्हणजे शुद्ध मुकादम. त्याच्या आत एकही प्रोग्रॅम नसतो, नुसती कुणाकुणाला आणायचं त्याची यादी असते. त्याच्या सक्तीच्या यादीतलं एखादं पॅकेज काढायला गेलीस तर ॲप्ट सांगेल की उबुंटू-डेस्कटॉपही जाणार. हे वाचून पोरं घाबरतात. त्या क्षणी पडद्यावर काहीही बदलत नाही, कारण मुकादम गेला तरी टोळी रानातच असते. प्रश्न नंतर येतो. एक म्हणजे, पुढच्या मोठ्या अपग्रेडला नवे भाग ओढून आणायचं काम हाच करतो. दुसरं, त्यानंतर कधी ऑटोरिमूव्ह चालवलंस तर टोळीतले काही जण बेवारस ठरू शकतात. ॲप्टने यासाठी काही संरक्षण ठेवलंय, पण त्यावर विसंबून यादी न वाचता एंटर मारायचा नाही. मुकादम गेलाच असेल तर शक्य तिथे मी त्याला परत बोलावून ठेवतो.

आता काढायची पद्धत. काहीही काढण्याआधी "ॲप्ट रिमूव्ह" ला डॅश-एस हा ऑप्शन लावून चालव. ही रंगीत तालीम, खरं काही निघत नाही. मग "रिमूव्ह होणार" या मथळ्याखालची यादी वाच. तू एक नाव दिलंस आणि यादीत एकच आहे: काढ. दोन-तीन आहेत आणि सगळी त्याच कुळातली: काढ. तू एक दिलंस आणि यादीत तीस आहेत, त्यात ग्नोम-शेल (डेस्कटॉप), जीडीएम (लॉगिनचा पडदा), नेटवर्क-मॅनेजर (नेट), लिनक्स-जेनेरिक (कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा) यांपैकी काही दिसतंय: थांब, लॅपटॉप बंद करून चहा पिऊन ये. कोण कुणावर उभं आहे हे खोलात बघायचं असेल तर "ॲप्ट आरडिपेन्ड्स" ला इन्स्टॉल्ड हा ऑप्शन लाव. ॲप्टिट्यूड टाकलं असशील तर "ॲप्टिट्यूड व्हाय" जास्त छान आहे, एका नावापासून ते कुणामुळे आलं याची साखळीच छापून देतं.

यात एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. डेबियनच्या घराण्यात (उबुंटू त्यातलंच) "इसेन्शियल" असा एक शेरा असतो, "ॲप्ट शो" मध्ये दिसतो. डीपीकेजी, बॅश, कोअरयुटिल्स, पर्ल-बेस यांच्यावर तो आहे, आणि ती काढायला ॲप्ट सहजासहजी तयार होत नाही. पण ग्नोमच्या डेस्कटॉपवर तो नाही. नेटवर्क-मॅनेजरवरही नाही. कारण सर्व्हरला पडदा लागत नाही, आणि ॲप्टला तुझा लॅपटॉप आणि डेटा सेंटरमधला सर्व्हर सारखेच. डेस्कटॉप काढताना ॲप्ट एवढंच विचारेल, "वाय की एन?" फॉन्ट काढताना विचारतो, त्याच आवाजात.

नोव्हेंबर 2021 मध्ये हे जगभर गाजलं. लायनस सेबॅस्टियन हा कॅनडातला मोठा यूट्यूबर, त्याने पॉप ओएस या उबुंटूवर बेतलेल्या लिनक्सवर स्टीम हा गेमचा प्रोग्रॅम टाकायला घेतला. त्या दिवसांत पॅकेजमध्ये घोळ होता. ॲप्टने इशारा दिला, लांबलचक यादी दाखवली आणि पुढे जायचं असेल तर "येस, डू ॲज आय से!" हे पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. त्याने ते टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. लोक त्याला हसले. मी हसलो नाही. पुढे ॲप्टच्या कर्त्यांनीच नियम कडक केला. आता असं वाक्य टाइप करून भागत नाही, वेगळा ऑप्शन मुद्दाम द्यावा लागतो. तुझ्या 22.04 मध्ये हा बदल आहे. पण मघाशी म्हटलं तसं, तो इसेन्शियलसारखा शेरा असलेल्यांपुरता.

मी का हसलो नाही, तर माझा स्वतःचा प्रताप. 2019 च्या पुरानंतर एका वाचनालयाला सेकंडहँड मशीनं मिळाली होती, छोट्या एसएसडीची. त्यावर डेबियन आणि ग्नोम टाकलं. एव्होल्यूशन हा मेलचा प्रोग्रॅम तिथे कुणी वापरणार नव्हतं, म्हणून म्हटलं काढून टाकू. आळस केला. "एव्होल्यूशन" लिहून पुढे तारका लावली, म्हणजे त्या नावाचं सगळंच जाईल. सगळंच गेलं. त्या नावात "एव्होल्यूशन-डेटा-सर्व्हर" ही येतं, आणि ग्नोम-शेलचं वरचं कॅलेंडर त्याच्यावर चालतं, त्यामुळे ग्नोम-शेलला ते सक्तीचं आहे. ग्नोम-शेल गेलं, त्याच्यावर उभं असलेलं जीडीएम गेलं. यादी पडद्यावर आली होती. मी वाय दाबला, कारण तेव्हा ग्रंथपाल सर पाठीमागे उभे राहून विचारत होते की अजून किती वेळ. रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर लॉगिनची एक ओळ. सर म्हणाले, "हे जुन्या काळचं वाटतंय." तेव्हापासून मी तारका वापरत नाही, आणि कुणी पाठीमागे उभं असताना काढाकाढी करत नाही.

तुझ्या यादीत एव्होल्यूशन-डेटा-सर्व्हर पहिल्याच ओळीत आहे, म्हणून हे आठवलं.

इथवर ॲप्टला जे माहीत असतं त्याचं झालं. तो यादी दाखवतो, आपण वाचली की भागतं. खरा घात होतो तो ॲप्टला माहीत नसलेल्या अवलंबनात, तिथे यादी अगदी निरागस दिसते.

मार्केट यार्डातलं एक हळदीचं अडत दुकान. मशीनला यूएसबी वायफायचा छोटा डोंगल, ज्याचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नव्हता. मीच कधीतरी तो इंटरनेटवरून घेऊन डीकेएमएसने बसवला होता. डीकेएमएस म्हणजे कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा नव्याने बांधून देणारी व्यवस्था. बांधायला त्याला त्या कर्नलचे हेडर, म्हणजे बांधणीच्या फाइली, लागतात. पुढे जागा कमी पडली तेव्हा मी बघितलं, "लिनक्स-हेडर्स" नावाची बरीच पॅकेजेस पडून आहेत. इथे कोण कोड लिहितंय? काढली. ॲप्टने डीकेएमएस जाईल असं म्हटलं नाही, कारण हेडर त्याला सक्तीचे नसतात, शिफारशीचे असतात. वायफाय चालूच राहिलं. महिन्याभराने कर्नलचं अपडेट आलं, मशीन रीस्टार्ट झालं, हेडर नाहीत म्हणून ड्रायव्हर बांधला गेला नाही, आणि ऐन हळदीच्या हंगामात सकाळी सौदे सुरू व्हायच्या वेळेला नेट गायब. मालक म्हणाले, काल तर चालत होतं. चालत होतंच. चूक महिन्यापूर्वीची, फळ आजचं. अशी बिघाडाची वेळ आणि कारणाची वेळ वेगळी पडली की माणूस भलतीकडेच शोधत बसतो. मी तासभर डोंगलच बदलत होतो.

तसंच डेटाबेसचं. वाचनालयात कोहा हे पुस्तकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर चालतं. त्याला मारियाडीबी हा डेटाबेस लागतो, पण डेटाबेस दुसऱ्या मशीनवरही ठेवता येतो, म्हणून सर्व्हरचं पॅकेज वेगळं हाताने टाकावं लागतं. उद्या कुणी "हे मारियाडीबी कशाला?" म्हणून काढायला घेतलं, तर ॲप्ट कोहाचं नाव घेऊन अडवेल या भरवशावर राहू नये. आणि "रिमूव्ह" ऐवजी "पर्ज" केलं तर सेटिंगही जातात, वर डेटाबेसही पुसू का असं विचारलं जातं. तिथे हो म्हटलं की पुस्तकांची नोंद, सभासदांची नोंद, सगळं कृष्णार्पण. पर्ज हा शब्द टाइप करताना डेटाबेसचं नाव समोर असेल तर आधी बॅकअप, मग बाकीचं बोलणं.

तिसरा प्रकार, हाताने बसवलेली सॉफ्टवेअर. ऑप्ट फोल्डरमध्ये उघडलेली झिप, सोर्सवरून बांधलेला प्रोग्रॅम, कॉलेजने दिलेलं सिम्युलेशनचं टूल. ॲप्टच्या वहीत यांची नोंदच नाही. त्यांना लागणारी लायब्ररी ऑटोरिमूव्हच्या यादीत आली तर ती बिनदिक्कत जाते. असं काही तुझ्याकडे असेल तर त्या फाइलवर "एलडीडी" चालव, कोणत्या लायब्ररी लागतात ते दिसेल. कोणत्या पॅकेजची आहे ते "डीपीकेजी डॅश-कॅपिटल-एस" सांगेल. मग त्या पॅकेजला "ॲप्ट-मार्क मॅन्युअल" करून ठेव. एवढी काळजी घेतली की ऑटोरिमूव्हला घाबरायचं कारण नाही. चालू कर्नल आणि सगळ्यात नवा कर्नल तो सोडून देतो, आणि ज्यांची कुणीतरी नुसती शिफारस केली आहे त्यांनाही सहसा हात लावत नाही.

आता तुझी यादी.

पायथन 3. नाही. काही झालं तरी नाही. नवं पायथन हवं म्हणून जुनं काढणारी पोरं दर सेमिस्टरला एक-दोन तरी येतात माझ्याकडे. उबुंटूचे अपडेट, नेटवर्कचे काही भाग, अगदी टर्मिनल उघडणारी छोटी स्क्रिप्टसुद्धा पायथनवर आहे. नवी आवृत्ती शेजारी टाक, प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट बनव. पायथन 3 हे नाव दुसऱ्या आवृत्तीकडे वळवायचाही उद्योग नको, टर्मिनल उघडायचं बंद होतं. पर्लचंही तेच.

लिनक्स-फर्मवेअर. आकार बघून मोह होतो, शेकडो एमबी. पण वायफाय आणि ग्राफिक्सच्या चिपना चालू होताना जे लागतं ते त्यात असतं. शिवाय उबुंटूत लिनक्स-इमेज-जेनेरिक त्याच्यावर उभं आहे. ते गेलं की नवे कर्नल यायचे थांबतात. राहू दे.

बीआरएलटीटीवाय. हे ब्रेल डिस्प्लेसाठी. दृष्टिहीन माणूस तो लॅपटॉप वापरत असेल तर अर्थातच ठेव. नसेल तर काढ, आणि तुझ्या बाबतीत तर मी काढच म्हणेन. तू आर्डुइनोवर काम करतेस असं म्हणालीस. स्वस्त आर्डुइनोवर सीएच 340 नावाची चिप असते आणि 22.04 मध्ये बीआरएलटीटीवाय तिलाच ब्रेल डिस्प्ले समजून पकडून ठेवतं. बोर्ड जोडला तरी पोर्ट दिसत नाही ही तुझी दुसरी तक्रार होती ना, तिचं मूळ बहुधा इथेच.

ओर्का, स्पीच-डिस्पॅचर: वाचून दाखवणारी साधनं. काढता येतात, जागा फारशी मिळत नाही. मॉडेममॅनेजर: सिमकार्डाचा डोंगल वापरत नसशील तर चालेल; मोबाइलचं हॉटस्पॉट त्याच्याविना चालतं. फॉन्ट्स-नोटो-सीजेके: चिनी, जपानी, कोरियन अक्षरं, 100 एमबीच्या आसपास मिळतील, आणि कधी त्या लिपीतलं पान उघडलंस तर चौकोन दिसतील, बास. पण फॉन्ट साफ करायच्या झपाट्यात देवनागरीचे लोहित किंवा नोटो उडवू नकोस. आयबस काढू नकोस. मराठी टाइप करायचा नेहमीचा रस्ता तोच. आयबस-एम17एन हे नाव तर इतकं विचित्र आहे की शाळेच्या लॅबमधून एका उत्साही विद्यार्थ्याने ते कचरा म्हणून काढलं होतं, आणि मराठीच्या बाईंचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड गेला होता. टायपिंगची परीक्षा दोन दिवसांवर.

कप्स आणि अवाही: छपाईचं. घरी प्रिंटर नाही म्हणतेस, पण कॉलेजच्या प्रिंटरला जोडावं लागेल तेव्हा नेटवर्कवरचा प्रिंटर शोधून देणारा अवाहीच. काढू नकोस, बंद कर. थंडरबर्ड, ऱ्हिदमबॉक्स, शॉटवेल, ट्रान्समिशन, रेमिना, पत्ते, माहजाँग, सुडोकू: वापरत नसशील तर खुशाल काढ, यांच्यावर कुणी उभं नाही. खेळ काढून मात्र हाती काही लागत नाही, एकेक खेळ काही एमबीचा. लिबरऑफिस मोठं आहे, पण रिपोर्ट कशात लिहिणार? स्नॅपडी (ॲप्टहून वेगळ्या, स्नॅप नावाच्या पॅकेजेस सांभाळणारी सेवा) काढायचं म्हणतेस, तर 22.04 मध्ये फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो, आधी दुसऱ्या ब्राउझरची सोय कर. स्नॅपच्या यादीत कोअर 20, कोअर 22, बेअर, ग्नोम-42 असली नावं दिसतात, ती इतर स्नॅपचा पाया आहेत. पाया वापरात असेल तर स्नॅप स्वतःच काढू देत नाही.

"बंद कर" म्हणालो त्याबद्दल थोडं. तू लिहिलंयस की लॅपटॉप हळू चालतो म्हणूनही पॅकेजेस कमी करायची आहेत. नुसतं पडून असलेलं पॅकेज डिस्कची जागा खातं, रॅम खात नाही. रॅम खातात त्या चालू सेवा. "सिस्टमसीटीएल डिसेबल" ला नाऊ हा ऑप्शन लावून कप्स, ब्लूटूथ, मॉडेममॅनेजर यांच्या सेवा बंद करता येतात आणि "इनेबल" ने परत चालू. मी तर शंका असलेली कोणतीही सेवा आधी अशी बंद करतो, पंधरा दिवस बघतो, कुणाचा फोन आला नाही तरच पॅकेज काढतो. फोन बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी येतो.

आणि आता तुला बहुधा न आवडणारी गोष्ट. तुझे 25 जीबी पॅकेजेसनी भरलेलेच नसावेत. या यादीतलं काढण्यासारखं सगळं काढलंस तरी जीबीभर मिळालं तर खूप. आधी जागा कुठे गेली ते बघ. "डीयू" ला डॅश-एक्स लावून रूटवर एक पातळी खाली चालव, किंवा एनसीडीयू टाक, तेही डॅश-एक्स लावून, म्हणजे होमचं पार्टिशन त्यात मिसळणार नाही. माझा अनुभव असा की गुन्हेगार याच क्रमाने सापडतात.

स्नॅपच्या जुन्या आवृत्त्या. "स्नॅप लिस्ट" ला ऑल हा ऑप्शन लावला की "डिसेबल्ड" अशा ओळी दिसतात. त्यांचा रिव्हिजन क्रमांक देऊन त्या काढता येतात, चालू आवृत्तीला धक्का लागत नाही. आणि पूर्ण स्नॅप काढलास तरी त्याच्या डेटाची एक प्रत 31 दिवस आपोआप ठेवली जाते. "स्नॅप सेव्ह्ड" मध्ये बघ, नको असेल तर "स्नॅप फर्गेट". काढूनही जागा पुरती सुटली नाही अशी तक्रार येते, तेव्हा मी इथे आधी बघतो.

मग जर्नल. सिस्टमडी (सगळ्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम) याची रोजनिशी पार्टिशनच्या 10 टक्क्यांपर्यंत वाढू शकते, कमाल 4 जीबी. तुझ्या 25 जीबीवर म्हणजे अडीच जीबीपर्यंत. "जर्नलसीटीएल" ला व्हॅक्यूम-साइज देऊन 200 एमबीवर आण. त्यानंतर "सुडो ॲप्ट क्लीन", डाउनलोड करून ठेवलेल्या डेब फाइली जातात, यात धोका काहीच नाही. मग जुने कर्नल. "युनेम डॅश-आर" ने आत्ता कोणता चालू आहे ते बघ. तो आणि एक मागचा ठेव, बाकी ॲप्टकडून काढ. बूट फोल्डरात जाऊन फाइली हाताने पुसू नकोस, ॲप्टच्या वहीत नोंद राहते आणि पुढचं प्रत्येक अपडेट अडतं. डॉकर शिकत असशील तर व्हार-लिबखालचं डॉकरचं फोल्डर बघच, तिथे दहा जीबी निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. फ्लॅटपॅक वापरत असशील तर "फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल" ला अनयूज्ड लाव. टाइमशिफ्ट या बॅकअपच्या प्रोग्रॅमचे स्नॅपशॉट रूटवरच घेत असशील तर पहिला स्नॅपशॉट म्हणजे जवळजवळ पूर्ण सिस्टमची प्रत. ते होमच्या पार्टिशनवर किंवा बाहेरच्या डिस्कवर हलव. बीटीआरएफएस या फाइलसिस्टमवर असशील तर जुने स्नॅपशॉट पुसेपर्यंत काढलेल्या पॅकेजची जागा सुटतच नाही.

चुकून गेलं तर? व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरांखाली हिस्टरी डॉट लॉग ही फाइल असते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या कमांडने काय काय काढलं हे त्यात नावासकट लिहिलेलं असतं. वाचनालयातल्या त्या दिवशी कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून, मजकुराच्या लॉगिनने आत जाऊन, याच फाइलमधल्या शेवटच्या नोंदीतली नावं मी परत टाकली. वीस मिनिटांत ग्नोम उभं राहिलं, कारण नेट तारेचं होतं आणि सेटिंग शाबूत होती. रिमूव्हने ती जात नाहीत, पर्जने जातात. "डीपीकेजी डॅश-एल" मध्ये "आरसी" असा शेरा दिसणारी पॅकेजेस म्हणजे हीच, प्रोग्रॅम गेलेला, सेटिंग राहिलेली. त्या फाइली केबींच्या असतात, त्यांच्या मागे लागून जागा मिळणार नाही. उबुंटूवर सगळा डेस्कटॉप गेला तर "ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप", मुकादम परत आला की टोळी आलीच. फक्त नेट हवं. म्हणून नेटवर्क-मॅनेजर जातंय अशी यादी दिसली तर कधीच पुढे जायचं नाही, परतीचा पूलच तोडल्यासारखं होतं.

फेडोरा हे दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे ॲप्टच्या जागी डीएनएफ असतं. "डीएनएफ हिस्टरी अनडू" ने गेलेला व्यवहार उलटवता येतो, आणि डीएनएफ स्वतःला किंवा सिस्टमडीला काढू देत नाही. या बाबतीत मला डीएनएफचा हेवा वाटतो.

तुला आज करायचं ते: आधी "ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल" चं आउटपुट एका फाइलमध्ये होमवर साठव. मग ॲप्ट क्लीन, जर्नल, जुनी स्नॅप, जुने कर्नल, याच क्रमाने. प्रत्येकानंतर "डीएफ डॅश-एच" बघ. त्यानंतर बीआरएलटीटीवाय काढून आर्डुइनो जोड. 80 टक्क्यांच्या खाली आलीस तर बाकी यादीला हातच लावू नकोस. नाही आलीस तर डीयूचं आउटपुट पाठव, आणि रविवारी संध्याकाळी घरी असेन, लॅपटॉप घेऊन ये. चार्जर विसरू नकोस, गेल्या वेळेसारखा.